माकुलातलं पिवळं

"हे काय आहे, मावशी?"

चिमट्याच्या टोकावर धरलेला मसुराएवढा पिवळा ठिपका मी भामामावशींच्या नाकासमोर नेला. लांबलचक स्टीलच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या चाळीस बायकांचे हात थांबले.

"काय ता?" मावशींनी डोळे बारीक केले. "वायच पिवळां रवलां वाटता."

"वायचसुद्धा चालणार नाही. गेल्या महिन्यात अख्खा कंटेनर इटलीच्या बंदरातून परत आला, तो ह्याच्यामुळेच. विसरलात?"

"विसरतंय कशी? रोज तूच तर आठवण करतंस गो बाय!"

चाळीसच्या चाळीस जणी खदाखदा हसल्या. मला हसू आलं नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, रसायनशास्त्राची पदवी खिशात घालून रत्नागिरीहून आलेली, कारखान्याच्या गुणवत्ता विभागाची प्रमुख. त्या विभागात माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बायकांनी माझ्यावर हसणं मला खपत नसे, आणि त्यांना ते ठाऊक असल्यामुळे त्या जास्तच हसत.

आमचा कारखाना देवगडच्या दक्षिणेला, एका खाडीच्या तोंडावर होता. ट्रॉलरवाल्यांकडून माकूल, म्हणजे स्क्विड, घ्यायचं, साफ करायचं, त्याच्या पांढऱ्याशुभ्र नळ्या किंवा गोल चकत्या करून गोठवायच्या आणि युरोपात पाठवायच्या, हा धंदा. माकुलाची मुंडी धरून ओढली की पोटातला सगळा ऐवज तिच्याबरोबर बाहेर येतो. शाईची पिशवी येते आणि तिच्यामागे लांबट, पिवळसर तपकिरी काळीज येतं. बायका त्याला नुसतं पिवळं म्हणायच्या. समुद्रात असलेलं कॅडमियम नेमकं तिथे साठतं. कॅडमियम म्हणजे बॅटऱ्यांत वापरतात तो धातू. त्याला वास नाही, चव नाही, कितीही शिजवलं तरी तो जात नाही. माणसाच्या पोटात गेला की मूत्रपिंडात ठाण मांडून बसतो आणि वीस-पंचवीस वर्षं हलत नाही. नळीला पिवळं चिकटून राहिलं तर मालाचा आकडा वर जातो. एका किलोला एक मिलिग्रॅम ही युरोपची मर्यादा. आमचा कंटेनर दीडवर गेला म्हणून परत आला होता.

म्हणून मी महिनाभर बायकांच्या मानगुटीवर बसले होते. पिवळं नखानं कसं सोडवायचं, पिशवी न फोडता मुंडीसकट कशी ओढायची, नळी आतून दोनदा कशी धुवायची, हे मी टेबलापाशी उभी राहून एकेकीला शिकवलं. माझ्याच हाताला आठ दिवस माकुलाचा वास येत होता. भामामावशी केळुसकर सगळ्यांत जुन्या, पन्नाशीच्या, हाताला वीज असलेल्या. त्या एकदा शिकल्या की बाकीच्या त्यांचं बघून शिकायच्या. त्या माझ्या घरमालकीणही होत्या. त्यांच्या पडवीतली खोली मी भाड्यानं घेतली होती आणि दोन वेळचं जेवण त्यांच्याच चुलीवरचं होतं. त्यामुळे कारखान्यात मी त्यांच्यावर ओरडायची आणि घरी त्या माझ्यावर.

पुढच्या मालाचा मुंबईच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला तेव्हा मी उडीच मारली. दीडवरून आम्ही शून्य पूर्णांक दोनवर आलो होतो. मॅनेजर पेडणेकरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि शेठनी फोनवरून शाबासकी दिली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इटलीतला कोणी अनोळखी माणूस आता आमच्या चकत्या तळून बिनघोर खाईल, असं मनात येऊन मला भारी वाटलं होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात डोकावले. मावशी चुलीपाशी होत्या आणि त्यांची मुलगी वैजू पाटावर बसून जेवत होती. वैजू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. पहिल्या म्हणायचं खरं, पण त्याआधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. आता सहावा महिना लागला होता, आणि त्या घरात तिचं पोट हा एकच विषय होता. ती शिंकली तरी मावशी देवाला नारळ बोलायच्या.

वैजूच्या वाटीत घट्ट, हळदीसारखं पिवळं कालवण होतं.

"हे काय? मला कधी वाढलं नाहीत," मी थट्टेनं म्हणाले.

"तां तुका नाय आणि माकापण नाय," मावशी म्हणाल्या. "तां वैजूचां. पोटुशी बाईक ह्याच्यासारखां दुसरां काय नाय. रगत वाढता, पोर बाळसां धरता."

"पण आहे काय ते?"

"माकुलाचां पिवळां. कारखान्यातलो वाटो."

माझ्या हातातलं पाण्याचं भांडं मी खाली ठेवलं. वाटा मला माहीत होता. नळ्या कंपनीच्या आणि मुंड्या बायकांच्या, हा कारखाना उघडल्यापासूनचा रिवाज. संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात ॲल्युमिनियमचा डबा असायचा आणि मी तो रोज बघायची. मुंड्या म्हणजे पाय, चांगलं मांस, नेईनात बापड्या, एवढाच विचार मी केला होता. मुंडीबरोबर काय जातंय हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी शिकवल्यापासून तर पिवळ्याचा एकेक कण सोडवला जात होता आणि तो कण न कण डब्यात पडत होता.

"रोज देता तुम्ही हिला हे?"

"रोज. म्हयनो झालो. आधी अर्धां नळीत रवायचां, आता सगळां गावता. तुजेच उपकार."

मी त्यांना त्या दिवशी काहीच बोलले नाही. आकडा हातात नसताना बोलायचं नाही, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. सोमवारी मी मावशींच्याच डब्यातलं मूठभर पिवळं मागून घेतलं, थर्मोकोलच्या पेटीत कंपनीच्या नमुन्यांबरोबर ठेवलं आणि मुंबईला पाठवून दिलं. नमुना कंपनीच्या नावानं गेला. माझ्या स्वतःच्या नावानं पाठवावा हे मला सुचलं नाही, आणि त्या न सुचण्याचा मला अजून संताप येतो.

अहवाल यायला सहा दिवस लागले. मी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. एकतीस. एकाच्या जागी एकतीस.

धावतच घरी गेले. मावशी ओट्यावर मासे निवडत होत्या.

"मावशी, वैजूला ते पिवळं देऊ नका. आजपासून बंद. तुम्हीही खाऊ नका, कोणीच खाऊ नका."

"कित्याक?"

"त्यात विष आहे."

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या माशाकडे, आणि हसायला लागल्या. "इख? माझ्या आजयेन खाल्लां, आवशीन खाल्लां. आजी नव्वदीक गेली. माझ्या येळेक आवशीन माका दिल्यान तेवाच ही वैजू झाली, बग, कशी टणटणीत आसा!"

"आजीच्या वेळी घरात किती माकुलं यायची?"

"रापणीच्या जाळ्यात गावली तर चार-पाच. म्हयन्याक एकदा."

"आणि आता?"

"आता रोज डबो भरता. देवाची कृपा."

"तेच सांगतेय ना मी!"

"काय सांगतंस? देवाची कृपा झाली म्हणान रडतंस?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी अहवाल त्यांच्यापुढे नाचवला. मूत्रपिंड सांगितलं, हाडं ठिसूळ होतात ते सांगितलं, पोटातल्या मुलाच्या वाढीला हे चांगलं नाही हेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मासा सुपात टाकून म्हणाल्या, "मगे आज खाल्लां तर काय होतलां?"

"आज काही होणार नाही. हळूहळू साठत जातं. वर्षानुवर्षं."

"म्हणजे आज काय होणा नाय."

"आज नाही, पण..."

"बाय, थय परदेशातल्या लोकांची पोटां नाजूक. तेंका सोसना नाय, म्हणान कंटेनर परत करतत. आमची पोटां तशी नाय. आणि एक सांग. पिवळां काढूक आमका कोणी शिकयल्यान? तूच मां? आता काढलेलां अन्न उकिरड्यार टाकूचां?"

"हो! टाकायचं!"

"अन्न टाकणारी माणसां आमी न्हंय," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा मासे निवडायला लागल्या. दाराच्या चौकटीला टेकून वैजू उभी होती. ती सगळं ऐकत होती.

आता वाटतं, मी तिथेच थांबायला हवं होतं. रोज एकदा, गोडीनं, चिवटपणे सांगत राहायला हवं होतं. पण मला घाई होती. वैजूचे दिवस भरत चालले होते आणि मला धीर नव्हता. घरात ऐकत नाहीत तर वरून सांगू, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी पेडणेकरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी अहवाल लक्ष देऊन वाचला. इतक्या लक्ष देऊन ते एरवी काहीच वाचत नसत.

"बाप रे," ते म्हणाले. "आपल्या बायका हे खातात?"

"रोज. साहेब, माझं म्हणणं आहे की एखाद्या डॉक्टरांना बोलावू. ते समजावून सांगतील. आणि मुंड्या त्यांना द्यायच्याच, फक्त पिवळं काढून द्यायच्या. त्याला दोन जास्तीच्या बायका लागतील, बस."

"करू, करू. तुम्ही अगदी योग्य केलंत, तोडणकर मॅडम. आरोग्याच्या बाबतीत तडजोड नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा थँक्यू म्हटलं. एवढा चांगला माणूस आणि आपण त्याला उगीच नावं ठेवत होतो, असंही वाटलं. माझी अक्कल!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारावर कागद चिकटवलेला होता. 'कामगारांच्या आरोग्याच्या दृष्टीने माकुलाच्या मुंड्या घरी नेण्यास आजपासून सक्त मनाई आहे.' खाली लिहिलं होतं, गुणवत्ता विभाग. म्हणजे मी. संध्याकाळी मागच्या दाराशी एक टेम्पो लागला आणि मुंड्यांचे सगळे क्रेट, पिवळ्यासकट, त्यात चढले. टेम्पो कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्यांचा होता.

मी तशीच केबिनमध्ये घुसले. "साहेब, हे काय? डॉक्टरांचं काय झालं? मुंड्या साफ करून द्यायच्या होत्या!"

"तोडणकर, खाद्यवाले वर्षभर माझ्या मागे लागले होते. बायका बोंब मारतील म्हणून मी गप्प होतो. तुमच्या अहवालानं काम सोपं झालं."

"पण त्यात एकतीस आहे! ते कोंबड्या खाणार आणि कोंबड्यांना माणसं खाणार!"

"कोंबडीच्या खाद्यात किती चालतं हे आपल्या फायलीत कुठे लिहिलंय, दाखवा मला," साहेब हसत म्हणाले. "नाही ना? मग आपलं काम संपलं. चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम.

दुसऱ्या दिवशी बायका आत आल्याच नाहीत. चाळीसही जणी फाटकाबाहेर रस्त्यावर बसल्या. पुढे फिलू फर्नांडिस. फिलूचा आवाज असा की खाडीच्या पलीकडून हाक मारली तरी अलीकडचा माणूस दचकावा.

"आरोग्य!" ती मला बघून ओरडली. "हातमोजे मागलंव तेवा खंय होतां तुमचां आरोग्य? पाण्यात उभ्या रवान पायांक चिखल्यो झाल्यो, बूट मागलंव, तेवा खंय होतां? आता डबो भरूक लागलो, तर आरोग्य आठवलां?"

"फिलू, मोज्यांचं तुझं खरं आहे. पण ह्याचंही खरं आहे. हा बघ अहवाल."

तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "इंग्लिश. ह्यां कोणाक वाचूक येता?" मग तिची नजर वरच्या ओळीवर थांबली. आमच्या कारखान्याचं नाव तिथे ठळक अक्षरांत होतं, ते तिला रोज क्रेटवर बघून पाठ होतं. "ह्यां तर कंपनीचां नाव! कंपनीन मागवलो कागद, कंपनीन आणलो कागद, आणि कंपनीच आमका सांगता इख आसा म्हणान. इख आसा तर कोंबड्यांक कशाक घालतास?"

तो तर माझाच प्रश्न होता. मी तसं म्हणालेही. पण तोवर मागच्या बायकांनी "मॅडम कंपनीची!" सुरू केलं होतं. भामामावशी खाली मान घालून रस्त्यावरचे खडे वेचत होत्या. त्यांनी माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. विरुद्धही काढला नाही, पण मला ते पुरेसं वाटलं नाही.

त्या दिवसापासून माझं जेवण बंद झालं. कोणी भांडलं नाही. फक्त माझं ताट मांडलं जाईना. मी पाव आणि केळी आणून खोलीत खायची आणि भिंतीपलीकडे फोडणीचा आवाज ऐकायची. आयुष्यात मी इतकी रडले नसेन. चांगलं करायला गेले आणि ज्यांचं चांगलं करायचं होतं त्यांनीच वाळीत टाकलं. ज्यानं लबाडी केली तो एसीत बसून चहा पीत होता, आणि त्याच्या लबाडीवर माझ्या खात्याचं नाव होतं.

तिसऱ्या दुपारी मावशी फाटकावर असताना वैजू हळूच खिडकीशी आली. तिनं गजातून दोन भाकऱ्या आत सरकवल्या.

"ताई, तुमी म्हणालात तां खरां?"

"खरं आहे ग. शपथेवर सांगते."

"मगे मी खाणंय नाय." ती इकडेतिकडे बघून कुजबुजली. "तुमी सांगलात त्या दिसापासून नाय खाल्लां. आवस वाटी हातात देता, मी पाटल्या दाराक जावन माडाच्या मुळात ओततंय. फाटकार बसली तरी मीठ लावन ठेवलेलां काढता माझ्यासाठी. तिका सांगा नको हां, जीव घेतली माजो."

तिचा हात गजातून धरून मी नुसती उभी राहिले.

"दोनदा गेलां माजां," वैजू म्हणाली. "ह्या येळेक माका कसलोच धोको नको. तुमी शिकलेली माणसां. तुमी बोलतास ता इचार करून बोलतास."

ती गेल्यावर मी त्या दोन भाकऱ्या कोरड्याच खाल्ल्या. चाळीस जणींनी नाही, पण एकीनं ऐकलं होतं, आणि जिनं ऐकायला हवं होतं तिनंच. संपाचं काय व्हायचं ते होऊ दे, असं मी मनाशी म्हटलं.

संपाचं व्हायचं तेच झालं. पाचव्या दिवशी चार ट्रॉलर भरून माकूल धक्क्यावर आलं आणि साफ करायला माणूस नाही. बर्फ वितळायला लागला. शेठ स्वतः गाडी घेऊन आले, फाटकावर उभे राहिले आणि अर्ध्या तासात सगळं मान्य करून गेले. मोजे मिळाले नाहीत, बूट मिळाले नाहीत. वाटा परत मिळाला. वर सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा वाटाही मिळाला, जो आधी कधी नव्हता. फिलूनं दारावरचा कागद टराटरा फाडला आणि बायका नाचत आत गेल्या. मी कारखान्यातल्या माझ्या खोलीच्या काचेतून बघत होते. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी भामामावशी माझ्या दारात आल्या. नवं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर.

"चल जेवूक."

मी केळीची साल काढत राहिले.

"राग धरू नको गो. माणूस चुकता. तुका त्या साहेबान फशिवल्यान, ता आमका कळलां. फिलूपण म्हणता, मॅडम साधी, तिका वापरल्यानी. चल, सगळी थांबली हत तुझ्यासाठी."

म्हणजे मला माफी झाली होती. न केलेल्या गुन्ह्याची माफी, आणि तीही चुकीच्या कारणासाठी. पण त्यांनी माझा हात धरला तेव्हा तो सोडवायचं बळ मला झालं नाही. नऊ दिवस वैजू सोडून माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं.

घरापुढच्या खळ्यात मांडव घातला होता. चाळीसही जणी आपापला वाटा घेऊन आल्या होत्या आणि एकाच मोठ्या टोपात सगळ्यांचं कालवण शिजलं होतं. मला मधोमध बसवलं. माझ्या समोरच्या पाटावर वैजू होती. सातवा लागला होता, चेहरा भरला होता. तिच्यापुढे नुसता भात आणि सोलकढी.

मावशींनी पहिली वाटी भरली ती माझ्यासमोर ठेवली. हळदीसारखी पिवळी, वर खोबऱ्याचं तेल तरंगत होतं.

"पयलो वाटो तुजो," त्या म्हणाल्या.

सगळ्या थांबल्या. सगळ्यांचे हात ताटाशी आणि डोळे माझ्याकडे.

मी काय विचार केला ते सांगते, कारण तो मला अजून तोंडपाठ आहे. एका जेवणानं कोणाचं काही होत नाही, हे मीच मावशींना सांगितलं होतं. मी आता नाही म्हटलं तर उठून जावं लागेल आणि परत ह्या घरात कोणी माझा शब्द ऐकणार नाही. खाल्लं तर मी पुन्हा ह्यांची होईन. मग उद्यापासून एकेकीला गाठून, हळूहळू, गोडीनं सांगता येईल. तेच तर आधी करायला हवं होतं. फिलूला मोज्यांसाठी अर्ज लिहून देता येईल, त्यातच हेही घालता येईल. हिशेब इतका सरळ वाटला. आणि खरं सांगायचं तर मला भूक लागली होती. माणसांत बसून जेवायची भूक.

मी भात कालवला आणि खाल्ला.

चव अप्रतिम होती. तेही सांगून टाकते.

"कसां झालां?" फिलूनं विचारलं.

"छान," मी म्हणाले, आणि मांडवात एकच गलका झाला. कोणी माझ्या पाठीवर थाप मारली, कोणी आणखी वाढलं. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांची तोंडं खुललेली बघून मला वाटलं, हीच वेळ.

"आता माझं जरा ऐकाल?" मी म्हणाले. "ह्या पिवळ्याबद्दल मी जे सांगत होते ना..."

"आता काय आयकूचां?" फिलू हसत म्हणाली. "खाल्लंस मां तू?"

"हो, पण मी एकदाच..."

"इख असतां तर तू खाल्लं असतंस? आकडे तुका म्हायत, कागद तुका म्हायत. आमी अडाणी. तू खाल्लंस, म्हणजे झालां!"

सगळ्या हसल्या. मी हात वर करून काहीतरी म्हणत होते, ते मलाच ऐकू येत नव्हतं. आणि त्या हसण्यातच भामामावशी दुसरी वाटी भरून वैजूकडे वळल्या.

"तुका काय वाटता, माका कळूक नाय?" त्या लेकीला म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. "माडाच्या मुळात मुंग्यांची रांग लागली हा. पंदरा दिस झाले, मी जीव तोडून रांदतंय आणि तू ओतून देतंस. कोणाच्या सांगण्यान, तांपण माका म्हायत आसा. मी गप रवलंय. आता बग. तिणां खाल्ल्यान. तुझ्या डोळ्यांदेखत खाल्ल्यान. आता तरी खा."

"वैजू, नको," मी म्हणाले.

"आता नको कित्याक?" फिलू ओरडली. "तुका कमी पडतलां काय?"

पुन्हा हशा. वैजू हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. ती मला विचारत होती, आणि मांडवातल्या सगळ्यांत फक्त तीच विचारत होती. मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. पण माझ्या तोंडात अजून घास होता आणि माझा हात मनगटापर्यंत पिवळा झाला होता. तिनं आधी माझ्या मानेकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं.

त्यानंतर तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. इतके दिवस ती किती घाबरली होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं वाटी ओढून घेतली, भातावर सगळी उपडी केली आणि भराभर जेवायला लागली. वाटी संपल्यावर तिनं ती आईपुढे धरली, आणि मावशींनी डोळे पुसत ती पुन्हा काठोकाठ भरली.